चार टीबीची वाटणी

तपकीर गल्लीतून आणलेली डिस्क
पावतीतच गुंडाळलेली अजून.
श्रमसाफल्य सोसायटी, धायरी.
मीटरच्या खोलीत मी, एक स्टूल, तोंडात टॉर्च,
आणि दारात सेक्रेटरी परचुरे,
ज्यांना सगळं आधी समजून घ्यायचं असतं.

जुन्यात काय बिघडलं होतं, मॅडम?
काही नाही काका. मधे भिंत नव्हती.
सोळा कॅमेऱ्यांचे पाहुणे येत राहिले,
ओसरी भरली, माजघर भरलं,
शेवटी यजमानालाच पाठ टेकायला जागा उरेना.
उभ्या उभ्याच गेला बिचारा,
मंगळवारी पहाटे, तीन वाजून सात मिनिटांनी.
बुधवारी बी विंगमधली गिअरची सायकल गेली.

परचुरे म्हणाले, हे मीटिंगमध्ये बोलू नका.

म्हणून आज आधी वाटणी.
साठ जीबी यंत्राला: त्याचं अंथरूण, त्याची वही.
इथं चित्रांनी पाय ठेवायचा नाही.
बाकी रान चित्रांचं.
भरलं की सगळ्यात जुना दिवस पुसायचा
आणि त्याच जागी आजचा लिहायचा,
पाटी थुंकीनं पुसायचो आपण, तसा.

किती दिवस मावतील?
एकवीस.
फ्रेम कमी केल्या तर सव्वीस,
पण मग माणसं उड्या मारत चालतात.
परचुऱ्यांना तीस हवेत. महिना म्हणजे महिना.

वाटणी मला नवी नाही.
जनता वसाहतीत, पर्वतीच्या उताराला,
दहा बाय बाराच्या खोलीत बाबांनी प्लायवूड उभं केलं.
पलीकडे काकाची चार माणसं, अलीकडे आम्ही पाच.
बल्ब एकच, प्लायवूडच्या डोक्यावर,
तो कुणी विझवायचा यावरून अबोला.
पण दहावीच्या वर्षी पाठ टेकायला
मला तेच प्लायवूड होतं.
एवढं शिकले: फळी आधी ठोकावी.
माणसं राहायला आली
की ती बोटभरही सरकत नाही.

वॉचमन तोगरे चहा घेऊन आले, स्क्रीनकडे बघत राहिले.
म्या किती दिस ऱ्हातो ह्यात?
एकवीस.
त्यांनी बोटं मोजली.
म्हंजे महिनाभर गावाकडं गेलो
तर म्या हितं कधी नव्हतोच की.
आणि हसले, उदगीरच्या एसटीत जागा मिळाल्यासारखे.

तीनशे गेले, चारशे गेले असे करत
शेवटी आठ जीबी कुणाच्याच नावावर नव्हते.
यंत्रानं नाव विचारलं. मी लिहिलं, राखीव.
हे कशाला? परचुरे.
चोरीबिरी झाली तर पुरावा ठेवायला.
खोटं नव्हतं ते.

मग चाचणी.
कॅमेरा एकमध्ये तोगरे फाटक उघडतात,
वर बघतात, टोपी काढतात,
केसांवरून हात फिरवून पुन्हा घालतात.
अकरा सेकंद.
कॅमेरा नऊमध्ये स्टुलावर मी,
माझ्या भांगातलं विरळ पहिल्यांदाच दिसलं मला.
ते राहू दे एकवीस दिवस.
अकरा सेकंद मात्र उचलून राखीवमध्ये टाकले.
चाचणीची फाइल, नाव: गेट.

निघताना परचुऱ्यांनी पावती चष्म्याजवळ धरली.
इथं चार टीबी लिहिलंय.
स्क्रीनवर तीन पॉइंट सहा आहे.
बाकीचे कुठे गेले?

विकणारा हजारानं मोजतो, काका,
यंत्र एक हजार चोवीसनं.

बराच वेळ ते गप्प होते.
मग म्हणाले, बरोबर असेल तुमचं,
पण बिलातून दहा टक्के
कुठल्या हिशेबानं कापायचे, तेवढं सांगा.