ओळखदेख

कुताइसीत तिसरा मजला, लिफ्ट बंद.
पिशवीत स्क्रूड्रायव्हर, दोन केबली आणि
एक जादा चार्जर घेऊन मी जिने चढले.
कलबातोनो झुझुनाने दार पुरतं उघडायच्या आतच सांगितलं,
"मेलेली नाही. हात लावून बघ, कोमट लागते."

काळी हार्डडिस्क टीव्हीपाशी,
क्रोशाच्या रुमालावर, जर्दाळूच्या मुरंब्याला टेकून.
शेजारी प्लेअर: चपटा, स्वस्त, हेकट.
निळ्या पडद्यावर एकच ओळ,
उपकरण सापडले नाही.

मी केबल काढली, टोकावर फुंकर मारली
(सगळेच मारतात, का ते कुणाला ठाऊक),
पुन्हा खोचली. मागचं पोर्ट. पुढचं पोर्ट.
दिवा लागतो, विझतो, लागतो
आणि आतून टक्, टक्,
बाहेर कुणी कडी वाजवतंय
आणि घरातले श्वास धरून बसलेत, तसं.
"वीज पुरत नसेल."
दोन शेपटांची केबल काढून
एक शेपूट चार्जरला दिलं.
टक् थांबलं. चकती गुणगुणायला लागली.
पडदा निळाच.

"म्हणजे दिसतं त्याला," ती म्हणाली,
"फक्त ओळख दाखवत नाही.
आमच्या वार्लामसारखं."

वार्लाम म्हणजे भाऊ. पुलापलीकडे राहतो.
गावच्या एका अक्रोडाच्या झाडावरून बिनसलं,
त्याला सहा वर्षं झाली.
झाड आहे तिथंच आहे, दोघांनाही फळं देतं.
बाजारात बहीण समोरून आली
की वार्लाम चीजच्या भावाची पाटी वाचत उभा राहतो.
एकदा म्हणे पाटी कोरी होती.

डिस्क मी घरी नेली.
माझ्या लॅपटॉपनेही आधी मान फिरवली;
एक फुकटचं सॉफ्टवेअर चढवलं, तेव्हा बोलला.
थेस्सालोनिकीचा भाचा, त्याचा तो महागडा लॅपटॉप,
त्याने डिस्क स्वतःच्याच बोलीत मांडली होती.
या गरीब प्लेअरला ती कुठून कळणार?
रात्रभर सगळं उतरवून घेतलं, डिस्क पुसली,
जुन्या चालीने पुन्हा मांडली: फॅट थर्टी-टू.
तिची एक अट असते,
चार जीबीहून मोठा घास गिळत नाही.
आणि लग्नाची फाइल सातची.

फोन केला. "दोन तुकडे करावे लागतील. कुठे कापू?"
"काप कुठेही. लांबलंच होतं ते लग्न."
प्रोग्रॅम वजनावर कापतो. अर्थाशी त्याचं देणंघेणं नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर यादी उमटली.
प्लेअरला आमची तेहतीस अक्षरं येत नव्हती,
सगळी नावं चौकोन, चौकोन, चौकोन.
तिने चौथी ओळ निवडली. चुकली नाही.

वार्लाम तामादा होता त्या लग्नात.
केस काळे, हातात शिंग, वाइन काठोकाठ.
टेबल गप्प करून तो म्हणाला,
"जे आज इथे नाहीत, त्यांच्या"

आणि निळं.

पुढची फाइल उघडायला अकरा सेकंद लागतात,
मी नंतर मोजले.
झुझुनाने वाक्य खाली पडू दिलं नाही.
पडद्याकडे बघतच म्हणाली,
"त्यांच्या वाटेकडे आमचे डोळे लागलेत."

पडदा उजळला. वार्लाम म्हणाला,
"वाट्याचं मटण माझ्या ताटात वाढा!"
टेबलभर हशा, कुणाची तरी बशी फुटली,
आणि त्या हशात हीसुद्धा,
हिरव्या झग्यात, तोंडावर रुमाल घेऊन.

"दिवा लुकलुकत असताना केबल उपटायची नाही," मी सांगत होते.
"आधी बंद करायचं, मग..."
तिचं बोट रिमोटवर, मागे, मागे.
पुन्हा शिंग. पुन्हा निळं. पुन्हा तिचं वाक्य,
शब्द न शब्द तेच,
जणू मटणाचं तिने ऐकलंच नव्हतं.

जिना उतरून रस्त्यावर आले
तेव्हा आठवलं, चार्जर वरच राहिला.
काढून आणला असता तर
डिस्क पुन्हा टक् टक् करत बसली असती.
राहू दे.