तळटीप क्रमांक एकतीस

पहिल्या सत्रात मी सालं पाठ केली,
पाढे करावेत तशी.
ऱ्हाइनकाठची गावं, यॉर्कचा बुरूज,
स्पेनमधून हाकलून दिलेली गलबतं
आणि त्यातली काही ज्या बंदराला लागली
ते हे माझं शहर, थेसालोनिकी.
परीक्षेत चांगले गुण पडले.
झोपही लागायची.

दुसऱ्या सत्रात बाईंनी एक वही हातात दिली.
बटणांच्या दुकानाची रोजकीर्द.
डाव्या पानावर बापाचं अक्षर: शिंपल्याची बटणं, बारा डझन.
उजव्या पानावर पेन्सिलीनं, परत आल्यानंतरचं.
रेना पेराहिया, वय तेवीस.
गेलेले नऊ, परतलेली एक.
हेही तिनं हिशेबासारखंच मांडलंय,
खाली रेघ ओढून.

आमचं विद्यापीठ जिथं उभं आहे
तिथं तिच्या पणजीची कबर होती.
दगड उपटून नेले.
कुणाच्या अंगणात त्यांची फरशी झाली.
वाचनालयात मी आता खुर्ची
उगाच हळू सरकवते.

वहीत एक शब्द सात वेळा येतो.
तिरिलू.
रेनाची भाषा मुळात स्पेनची,
पाचशे वर्षं या किनाऱ्यावर मुरलेली.
तिचे मिळतील ते कोश मी पालथे घातले.
तिरिलू कुठेच नाही.

"आज हजेरीला चार तास उभ्या. रात्री ग्रासियाला तिरिलू दिली."
"एका फळीवर पाचजणी. आज तिरिलू माझी."
"ग्रासिया रडत होती. माझीही घे म्हटलं."

मी तळटीप लिहिली:
बहुधा छावणीतला सांकेतिक शब्द.
भाकरीचा तुकडा, औषध किंवा लाच.
पुढं प्रश्नचिन्ह टाकलं.
अभ्यासू दिसतं ते.

रेनाचा चुलतभाऊ पेपो वृद्धाश्रमात असतो.
त्या वर्षी तो सात वर्षांचा, डोंगरात,
एका मेंढपाळाकडे वासिलिस नावानं वाढत होता.
अजून कुणी वासिलिस म्हटलं
तर मान वळते, म्हणाला.
मी प्रश्न टाइप करून नेले होते.
त्या चौकाबद्दल, ज्याचं नाव स्वातंत्र्य,
जिथं जुलैच्या उन्हात त्याच्या काकाला
इतर हजारोंसोबत उठाबशा काढायला लावल्या
आणि जिथं पुढं गाड्या लावायची सोय झाली.
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
कागद घडी करून ठेवताना
सहज म्हणून मी तो शब्द विचारला.

तो हसला. बोळकं पसरून, पोरासारखा.
"साय गं, एव्हान्थिया!
दुधावरची साय.
आमच्या घरातच म्हणायचे तसं,
बोबड्या वयात कुणीतरी काढलेला शब्द.
पातेलं खाली उतरलं की
रेना आणि ग्रासिया एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या."

बोटानं त्यानं हवेतून काहीतरी
अलगद उचललं, गुंडाळलं,
आणि मग कुणाला द्यावं
ते त्याला कळेना.

तिथं दूध नव्हतं.
मला माहीत आहे, मी उष्मांकांचे तक्ते केलेत,
किती ग्रॅम, कुठल्या महिन्यात.
तक्त्यात तिरिलूचा रकाना नाही.

सातव्यांदा तो शब्द शेवटून दुसऱ्या पानावर येतो:
"बर्फ. ग्रासिया उठली नाही.
सगळी तिरिलू तिची."
त्यानंतर पुन्हा बापाची डावी पानं, कोरी.

एकतीस नंबरची टीप मी खोडली.
साय, असं लिहिलं.
बाई म्हणाल्या, संदर्भ लागेल.
ती जागा मी अजून रिकामी ठेवली आहे.

सकाळी दूध तापवते,
निवेपर्यंत पातेल्यापाशी उभी असते.
फुंकर घालत नाही.