साठ

"साठवर गई का गाडी रडस, ताई."
हिलाल आप्पांनी ट्रक दाखवला.
डाव्या अंगाला हत्यारांचा खण, वीतभर रुंद,
झाकण पिंपळनेरच्या अलीकडे कुठेतरी गळून पडलेलं.
आत कांद्याची सालं, एक पाना, तेलकट फडकं.
मी टेपने मापं घेतली. लांबी, खोली, ओठाची धार.

मोराण्याच्या लॅबमध्ये त्या खणाची जाळी विणली,
ऐंशी लाख घरं, काठाला दाट, वर विरळ,
आणि त्यावरून साठचा वारा सोडला.
आधी सोपी वाट धरली, सरासरीची.
दोन तासांत उत्तर:
खणात एकच भोवरा, झोपलेल्या मांजरासारखा,
आणि आवाज शून्य.
सरासरीला तोंड नसतं.
वर गेलेलं खाली आलेल्यात फिटतं,
हिशेब जुळतो,
कोणी रडलेलं नसतं.

मग क्षण क्षण मोजायला बसले.
अर्धा सेकंद वारा वाहायला अकरा दिवस.
मे महिना. एसी फक्त मशीनला.
दोनदा वीज गेली,
एकदा गणितच फुटलं, दाब आकाशाला भिडला,
पुन्हा पहिल्यापासून.

नवव्या रात्री दिसलं:
पुढच्या ओठावरून वारा सुटतो, थरथरतो,
स्वतःभोवती गुंडाळत जातो,
मागच्या ओठावर आपटतो.
आपटल्याची वार्ता आतल्या आत उलटी धावते
आणि पुढच्या ओठावर
नव्या वाऱ्याला हात लावते.
तो पण थरथरतो. तो पण आपटतो.

अकराव्या दिवशी आलेखावर एक सुळका. एकशे सहा हर्ट्झ.
स्पीकरला जोडला तेव्हा
चहा घेऊन आलेला जिभाऊ दारातच थबकला,
"गाय कोणाची सुटली?"

आप्पांना फोन केला. म्हटलं, सापडलं,
चारशे रुपयांचं झाकण, रडणं बंद.
पलीकडे बराच वेळ नुसतं इंजिन.
"झाकन नको, ताई.
मीटर कव्हयनंच बंद शे.
ती रडनी का माले समजस, साठ व्हयनात."

मग विचारलं कशाला होतं, आप्पा?
ते नाही विचारलं.

आता रात्री खिडकी उघडी ठेवते.
साडेअकराच्या सुमारास सुरतच्या रस्त्याला
कुसुंब्याकडे एक हंबरडा जातो,
येताना जरा चढा, जाताना जरा उतरता.
मी मनात भागाकार करते.
बासष्ट.
सावकाश, आप्पा.