पाठपोट

हसुराम मढवी नेहमी पाठपोटच मागायचा.
"तेवढाच रुपया वाचतो रं,"
आणि सुट्टे मोजून ठेवायचा काचेवर,
बेलापूरला, सिडकोच्या समोर, माझ्या झेरॉक्सच्या टपरीत.

खाडीतल्या कांदळवनात रात्री रिकामे होणारे डंपर,
त्यांचे नंबर, तारखा.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट,
जो त्याच्या काकाने विकला होता
मेल्यावर दोन वर्षांनी, अंगठा लावून.
गिऱ्हाइकांचं मी वाचत नाही.
पण मशीन गरम व्हायला वेळ लागतो.

तळवलीच्या वळणावर दोघं आले, हेल्मेट घालून.
पेपरात चार ओळी: जुना वाद.

निवडणुकीला भाऊंचा माणूस आला.
प्रतिज्ञापत्र, पाच प्रती, घाई.
गुन्ह्यांच्या रकान्यात: लागू नाही.
चार निघाल्या कोऱ्याकरकरीत.
पाचवी त्याने उजेडात धरली
तर "लागू नाही"च्या आरपार
डंपरचे नंबर, उलटे,
आणि खाली हसुरामची सही.
ट्रेमध्ये राहिलेला असणार, कधीचा,
एकाच बाजूने छापलेला कागद.

त्याने कागद पाहिला. मग मला.
मग टपरीवरचा बोर्ड, सावकाश, फोन नंबरासकट.
चार घड्या घालून खिशात टाकला.
"कोरा लाव."

लावला.

पाचशेची नोट ठेवून गेला काचेवर,
हसुराम सुट्टे ठेवायचा तिथंच.
मी घेतली.

आता ट्रे भरताना प्रत्येक कागद
उलटून बघतो.
कोरा निघाला
की बरं वाटतं.