स्ताना

वुकोताच्या घरी आधीच्या चार.
याग्लिका, विदोसावा, गोस्पावा,
आणि एक, नाव पडण्याआधीच गेलेली.
पाचवीच्या वेळी बर्फ खिडकीपर्यंत चढलं होतं.
सुईण बाहेर आली, कोरडे हात पुसत राहिली.
भिंतीवरची बंदूक भिंतीवरच राहिली.

पाद्र्यानं विचारलं, नाव?
आजोबा म्हणाले, स्ताना.
म्हणजे थांब.
म्हणजे, पुरे झाल्या मुली.
आमच्या डोंगरात ठेवायचे अशी नावं,
उतू जाणाऱ्या दुधावर पाणी शिंपडावं तशी.

औषध लागू पडावं तसं नाव लागू पडलं.
दोन वर्षांनी माझे वडील जन्मले.
तीन बार झाले. मेंढ्या बिथरून ओढ्यापार गेल्या
आणि स्ताना टेबलाखाली लपली.

पुढे कोणी घोड्याला म्हणालं, "स्तानी!"
की घोड्याआधी हीच थांबायची,
हातात बादली, एक पाय अधांतरी.
लोक हसायचे.
घोडासुद्धा, असं ती सांगते.

बहिणी लग्न होऊन निक्शिचला गेल्या,
वडील श्टुटगार्टला, कारखान्यात.
ती थांबली.
कोणीतरी थांबायला हवं, असं
घरात कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

गेल्या ऑगस्टात मी विचारलंच,
आत्या, राग नाही येत?
ती चीज मिठात दाबत होती.
वर दगड ठेवला, हात धुतले, मग म्हणाली,
बापानं पाद्र्याला सांगितलं ते एक.
आईनं माझ्या कानात सांगितलं ते निराळं.
चौथी आदल्याच हिवाळ्यात गेलेली ना.
रात्रभर मला छातीशी धरून म्हणत होती,
थांब. तू तरी थांब.
शब्द तोच गं.

निघायच्या दिवशी बस उतारावरून सुसाट आली.
आत्या रस्त्याच्या मधोमध, पंचाहत्तर वर्षांची,
ठाण मांडून, हात वर करून
जवळपास स्वतःच्याच नावानं ओरडली.
ब्रेक करकरले.

मी चढले, बस सुटली,
आणि चीजची पिशवी तिच्याच हातात दिसली.
खिडकीतून ओरडले ते घाईत,
शेवटचा स्वर चुकला,
"थांबव"च्या जागी तिचंच नाव गेलं तोंडातून.
ड्रायव्हरला दोन्ही सारखंच.