बेड सहा : जेवण नाकारले

परीक्षेत तो त्रिकोण मी डोळे मिटून काढायचे.
तळाशी श्वास, पाणी, अन्न, झोप, लघवी.
त्यावर सुरक्षितता. त्यावर आपली माणसं.
मग मान. आणि अगदी शेंड्यावर,
पेन्सिलीचं टोक मोडेल इतक्या चिंचोळ्या जागेत,
माणूस जे होऊ शकतो ते होणं.
"खालचं भरल्याशिवाय वर चढायचं नाही,"
ओयार्सो बाई म्हणायच्या, खडूचे हात पुसत,
आणि आम्ही त्याखाली दोन रेघा ओढायचो.

कास्त्रोच्या इस्पितळात दुसऱ्याच आठवड्यात
माझ्या वाट्याला बेड सहा आला.
दोन्या एदुविना कार्कामो, वय एक्क्याऐंशी,
खुब्याचं हाड मोडलेलं, वजन एक्केचाळीस किलो.
तीन दिवस ताट गेलं तसं परत आलं,
सुपावर चरबीची साय धरून.
मी लिहिलं : जेवण नाकारले.
मी लिहिलं : पुन्हा प्रयत्न केला.
चमचा ओठांशी नेला की ती खिडकीकडे मान वळवायची,
तिथे ओहोटीनं होड्या चिखलात कलंडलेल्या.

चौथ्या रात्री तिनंच विचारलं,
तुमच्याकडे बटाटे लावतात का गं?
म्हटलं, वडील लावायचे. केमचीला.
"मग तुला सांगण्यात अर्थ आहे."

तिच्या घरी, पलंगाखाली, एक टोपली.
त्यात बेण्याचे बटाटे, जांभळे, वाकडे, करंगळीएवढे.
ही जात आईकडून तिला आली,
आता बेटावर दुसऱ्या कुणाकडे नाही.
ऑगस्ट सरत आला, मोड फुटले असतील,
"आणि तुम्ही मला भोपळ्याचं पाणी पाजताय!"

मी मनात त्रिकोण उघडला. हे कुठल्या मजल्यावर?
बटाटा म्हणजे अन्न, अन्न तळाशी.
पण हा तर खायचा नव्हता.

शेजारीण होती एक, रोसाल्बा मान्सिया.
कुंपणातून घुसलेल्या एका मेंढीवरून
दोघींचा अकरा वर्षं अबोला.
सकाळी मी माझ्या फोनवरून तिला सगळं सांगितलं.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग : "कुठल्या पलंगाखाली?"

दुपारी ती आली, बुटांना ओला चिखल,
टोपली थेट पांघरुणावर ठेवली. मी काही बोलले नाही.
"बोटभर मोड आलेत, लाज नाही वाटत?"
"आणि तू खोल पुरतेस, सगळे कुजवतेस!"
एक वीत की अर्धी, शेवाळ घालायचं की नाही,
भेटीची वेळ संपेपर्यंत दोघी भांडल्या.
मेंढीचं नाव कुणी काढलं नाही.

त्याच रात्री बेड चारवर दोन एरिबेर्तोंचे ओठ निळे पडू लागले.
यंत्रावर ब्याऐंशी, मग एकोणऐंशी.
मी त्यांना शेताबिताचं काही विचारलं नाही.
डोकं उचललं, मास्क लावला, नळी सोडली, धावले.
तेव्हा त्रिकोण माझ्या हातांतच होता
आणि त्याचे मी मनापासून आभार मानले.

आमच्या बेटावर बिऱ्हाड हलवायचं तर घरच हलवतात.
खाली ओंडके, पुढे बैलजोड्या, दोरांना अख्खं गाव.
सहा वर्षांची असताना मी असं एक घर
रस्त्यानं चालत जाताना पाहिलंय.
आत कपबशा खडखडत होत्या,
चूल विझवायचं कुणी विसरलं होतं,
धुराडं टेकाडावरून धूर सोडत चाललेलं.
जमीन आधी आणि छप्पर मागून,
असं नेलेलं मला आठवत नाही.

महिनाअखेरीस बाईंचा फॉर्म भरायचा होता :
रुग्णाची कोणती गरज भागवली? एकावर खूण करा.
पाच चौकटी, खालून वर.
पेन हातात धरून मी बसून राहिले.
शेवटी सगळ्या कोऱ्या सोडल्या
आणि कडेच्या समासात लिहिलं :

बेड सहा. अर्धी वाटी सूप.
अळणी आहे म्हणाली.
मीठ मागितलं.