बाजूची मूठ

आधी बाजूची मूठ लाव, रुपेश. घट्ट.
अकरा किलोचं मशीन आहे,
एकदा सुरू झालं की
तुझ्यापेक्षा त्याचीच मर्जी जास्त चालते.

बिटाच्या बुडाला बोटभर ग्रीस.
आत गेलं की खटका ऐकू आला पाहिजे.
ऐकू आला? तरी ओढून बघ.
वायर खांद्यावरून मागे. पायात कधीच नाही.

भिंतीत काय पुरलंय ते विचारल्याशिवाय
टोक टेकवायचं नाही.
ड्रॉइंग खोटं बोलतं, इलेक्ट्रिशियनही बोलतो.
तरी विचार.

पाय फाकून उभा राहा,
जगबुडीच्या ओढीत गळ टाकून
उभा राहायचास ना, तसा.
रेटू नकोस. फोडायचं काम त्याचं,
तू नुसता सोबतीला.

सळई लागली की आवाज बदलतो,
दळता दळता जात्यात खडा यावा तसा.
तेव्हा बोट सोड.
आधी बोट, मग विचार.
सोहारच्या पंपहाऊसवर रफीकुलने आधी विचार केला.
बिट अडकलं, मशीन फिरलं,
मशीनबरोबर मनगट.
बाजूची मूठ स्टोअरात पडून होती.
आता कुमिल्लाला डाव्या हाताने जेवतो म्हणे.
तिकीट कंपनीने दिलं. एकेरी.

मास्क घामाने भिजला की नवा माग.
स्टोअरवाला कुरकुरेल. कुरकुरू दे.
दुपारी काम थांबलं की मशीन सावलीत ठेव,
उन्हात तापलेली मूठ तळव्याची कातडी मागते.

आणि पंधरा मिनिटं झाली की खाली ठेव.
फोरमन बघत असला तरी.
मी ठेवलं नाही.
एकवीस वर्षं.

डिसेंबरात पहाटे, बस यायच्या आधी,
ही तीन बोटं खडूसारखी पांढरी पडतात.
शर्टाचं वरचं बटण मी लावत नाही,
कॅम्पातली पोरं त्याला स्टाईल समजतात.
शुक्रवारी घरी फोन लावतो
तो डाळीच्या डब्याला टेकवून.
हातात धरला तर माझा चेहरा हलतो.
एकदा डबा रिकामा होता, घसरला,
फोन हातात घ्यावा लागला.
नसीमा म्हणाली, तिकडे नेट खराब आहे का?
म्हटलं, हो,
समुद्राकडून वारा सुटलाय.

चल. चष्मा लाव.
मूठ परत एकदा तपास.
अशी नाही, नुसती बघून नाही.
हाताने.